खरं लिहू की बरोबर?

कॅलेंडर बनवणारा माणूस मुळात विनोदी असला पाहिजे. नाहीतर ज्या महिन्यात आधीच दिवसांची टंचाई, त्या फेब्रुवारीच्या शेपटाला त्यानं मराठी भाषा आणि विज्ञान या दोघांना शेजारी-शेजारी बिऱ्हाडं दिली नसती. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांनी आपला तो जगप्रसिद्ध शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. एका दिवशी शाळेत ‘कल्पनेची भरारी’ असते, दुसऱ्या दिवशी ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’. मध्ये फक्त एक रात्र. तेवढ्या रात्रीत चित्रकलेच्या सरांना फळ्यावरची सरस्वती पुसून तिथं परीक्षानळी काढावी लागते. आणि हाताला सरस्वतीचंच वळण असल्यामुळे परीक्षानळीही जराशी वीणेसारखी दिसते.

यावर अलीकडे काही शाळांनी तोडगा काढला आहे. दोन दिवसांचा मिळून एकच कार्यक्रम. नाव द्यायचं ‘विज्ञानातून सर्जनशील लेखन’, आणि एखाद्या लेखकाला बोलवायचं. बँकेत याला विलीनीकरण म्हणतात. दोन शाखा एक केल्या की एक मॅनेजर वाचतो, दोन दिवस एक केले की एक शाल आणि एक नारळ वाचतो.

अडचण येते ती पाहुण्याची. साहित्यिक आणावा, तर विज्ञानावर बोलायचं म्हटल्यावर त्याला ‘विज्ञान : शाप की वरदान’ एवढा एकच विषय आठवतो, आणि तोही शाळेत असताना पाठ केलेला. शास्त्रज्ञ आणावा, तर तो मुलांकडे पाठ करून पडद्यावरच्या आलेखाशी बोलतो आणि मुलं खिडकीतल्या कबुतराशी. तेव्हा ज्याला साहित्यिकही साहित्यिक मानत नाहीत आणि विज्ञानाशी ज्याचा काही संबंध नाही, असा मधला माणूस शोधला जातो. मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे, आणि अधूनमधून लोकांना हसू येईल असं लिहितो. दहावीनंतर विज्ञानानं आणि मी परस्परसंमतीनं घटस्फोट घेतला. पुण्याच्या एका उपनगरातल्या शाळेनं मला बोलावलं ते याच गुणांवर. मुख्याध्यापिका बाईंनी ओळख करून देताना ‘ज्येष्ठ साहित्यिक’ म्हटलं तेव्हा मुलांनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि पुराव्यानं खात्री पटल्यासारख्या माना हलवल्या.

कार्यक्रमाची आखणी अशी होती. सातवी-आठवीची मुलं आधी एक प्रयोग करणार, मग त्याच प्रयोगावर गोष्ट लिहिणार. गोष्ट कशी लिहायची ते मी सांगणार. प्रयोग निवडताना शाळेनं दूरदृष्टी दाखवली होती : स्फोट होणार नाही, वास येणार नाही आणि पैसे लागणार नाहीत. म्हणजे पाणी उकळणे. चंचुपात्र, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा आणि तापमापी. मुलांनी गट करून पाणी तापत ठेवलं. बुडबुडे आले. वर्गात तो शांत, चहा होण्याआधीचा गंभीर आवाज सुरू झाला. आणि तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“सर, आमच्या गटाचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळलं. थर्मामीटर त्याच्या पुढं जातच नाही. पुस्तकात शंभर आहे. मी वहीत काय लिहू? खरं लिहू की बरोबर लिहू?”

भाषेच्या पेपरात ‘जोड्या लावा’ला खरं आणि बरोबर हे दोन शब्द समोरासमोर आले, तर आपण डोळे मिटून रेघ ओढतो. त्या मुलीनं त्या रेघेच्या मधोमध पाचर मारून ठेवली. शिवाय तिच्या आवाजात वात्रटपणा नव्हता. शाईचा पेन वापरू की बॉलपेन, इतक्या साधेपणानं ती विचारत होती. तिच्या अनुभवात हे दोन निरनिराळे पदार्थ होते आणि मागणीप्रमाणे पुरवायचे होते.

मागून विज्ञानाचे सर म्हणाले, “शंभर लिही.” आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. घंटेनं आजवर अनेक विद्यार्थ्यांना वाचवलं आहे. पाहुण्याला वाचवण्याची ही पहिलीच वेळ असावी.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. आता हे सर कथेतले खलपुरुष निघाले असते तर माझं काम सोपं होतं. दोन टोमणे मारून मी सत्याची बाजू घेतली असती आणि घरी गेलो असतो. पण सर भले निघाले.

“मला माहीत आहे हो,” ते बशीत चहा ओतत म्हणाले, “मी एम.एस्सी. आहे. पाणी उकळतं म्हणजे काय, तर डोक्यावरच्या हवेचा दाब झुगारून देतं. मुंबईत, समुद्राच्या पातळीला, हवेचा सगळा थर डोक्यावर. तिथल्या पाण्याला शंभरपर्यंत तापावंच लागतं. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तेवढी हवा खाली राहिली. ओझं कमी झालं. म्हणून इथलं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळायला लागतं. साधारण तीनशे मीटर चढलात की एक अंश कमी. महाबळेश्वरला जा, साडेपंच्याण्णव. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक अंश खाली. त्या मुलीचं निरीक्षण अगदी चोख आहे.”

पुण्यातलं पाणी मुंबईच्या पाण्यापेक्षा लवकर तापतं, हे मुंबईकर कित्येक वर्षं पुणेकरांबद्दल सांगत आले आहेत. त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे, हे त्यांनाही ठाऊक नसावं. पुणेकर मात्र यात तापटपणा पाहणार नाही. काम अठ्ठ्याण्णवात भागत असताना शंभरापर्यंत जाऊन उगाच गॅस कशाला जाळा, असं तो म्हणेल.

“मग तिला शंभर लिहायला का सांगितलंत?” मी विचारलं.

सरांनी बशी खाली ठेवली. “पेपरात प्रश्न येतो, पाणी किती अंशाला उकळतं? उत्तर शंभर. खाली ‘पुण्यात की महाबळेश्वरी’ असं विचारत नाहीत. माझ्या वर्गात बासष्ट मुलं. थर्मामीटर चार, त्यातलं एक मुलांनी ढवळायला वापरलेलं. आज अठ्ठ्याण्णव खरं म्हणून लिहू दिलं, उद्या कुणाचं एकशे तीनला उकळलं तर तेही खरं म्हणून घ्यायचं? आणि एक मार्क गेला तर पालक मला धरतात. तुम्हाला नाही धरत. तुम्ही पाचच्या बसनं घरी जाणार.”

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण त्यात काही चूक नव्हतं. पाहुण्याचं सत्य स्वस्त असतं. शाळेत येणारा लेखक हा कायम पाचच्या बसचा माणूस. त्यानं ‘मुलांनो, निर्भय व्हा’ म्हणावं, टाळ्या घ्याव्यात आणि निघावं. निर्भय झालेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी बाकावर उभं करायचं किंवा सांभाळून घ्यायचं काम राहतं ते सरांकडे. ज्याची किंमत दुसरा भरणार आहे असा उपदेश करावा का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कुठल्या प्रकरणात येतो मला माहीत नाही. बँकेत मात्र जामीनदाराला न विचारता कर्ज मंजूर करत नाहीत.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. आपल्याकडच्या मुलाच्या दप्तरात दोन वह्या असतात, एक निबंधाची आणि एक प्रयोगाची. निबंधाच्या वहीत मुलानं स्वतःच्या मनातलं लिहावं अशी अपेक्षा असते. तिथं ते गाइडमधलं लिहितं. ‘मी पाहिलेला सूर्योदय’ लिहिणाऱ्या साठ मुलांचा सूर्य एकाच डोंगराआडून, एकाच केशरी रंगात आणि एकाच उपमेसकट उगवतो, आणि त्या वेळी साठही मुलं अंथरुणात असतात. उलट प्रयोगाच्या वहीत जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहावं अशी अपेक्षा असते. तिथं मात्र मुलांची प्रतिभा नुसती बहरते! न हललेल्या लंबकाचे झोके, न पेटलेल्या दिव्याची ज्योत, न आणलेल्या लिंबाचा रस. निरीक्षणं तीन, आणि तिन्ही एकमेकांच्या इतकी जवळ की त्यांचं लग्न लावून द्यावं. आपल्या मुलांना सर्जनशील लेखन येत नाही असं कोण म्हणतं? येतं की. फक्त ते चुकीच्या वहीत येतं.

आणि ही सवय सरांनी लावलेली नाही, पालकांनी नाही, पेपर काढणाऱ्यानंही नाही. सगळ्यांनी मिळून थोडी थोडी लावली आहे. त्यामुळे कुणाकडे बोट दाखवावं तर चारी दिशांना दाखवावं लागतं, आणि मग ते बोट राहत नाही, गिरकी होते.

माझ्या धंद्यात एक गोष्ट मी रोज पाहतो. संध्याकाळी काउंटर बंद झाला की कॅशियर रोकड मोजतो. पुस्तकाप्रमाणे किती असायला हवी तो आकडा संगणक दाखवतो. प्रत्यक्षात किती आहे, तो आकडा बोटं सांगतात. दोन्ही जुळले तर कॅशियर शीळ घालत घरी जातो. पाचशे रुपये कमी भरले, तर बिचारा पुन्हा मोजतो, टेबलाखाली बघतो, स्लिपा चाळतो आणि शेवटी पदरचे भरतो. जास्त भरले तरी सुटका नाही. ते निराळ्या खात्यात जमा करून ठेवावे लागतात, कारण कुणीतरी दारात येऊन ‘माझे’ म्हणणार असतं. यातलं काहीही झालं तरी चालतं. एकच गोष्ट चालत नाही. ‘आहेत तेवढे’ लिहायच्या जागी ‘असायला हवेत तेवढे’ लिहायचे नाहीत. तसं लिहिणाऱ्याचा ताळा रोज झकास जुळतो, आणि एक दिवस घरी चौकशी येते.

आता कुणी विचारील, अहो, तुम्ही गोष्टी लिहिणारे लोक. तुमचा धंदाच मुळी खोट्याचा. तुम्ही कसली खरेपणाची वकिली करता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी स्वतः न देता माझ्यापेक्षा मोठ्या माणसांवर सोपवतो.

१८९६ साली कलकत्त्यात ‘कुंतलीन’ नावाच्या केशतेलाच्या मालकांनी कथास्पर्धा घेतली. अट अशी की गोष्टीत तेलाचा उल्लेख हवा. त्यात जगदीशचंद्र बोस यांच्या बंगाली गोष्टीला बक्षीस मिळालं. गोष्टीत कलकत्त्यावर चालून येणारं भयंकर वादळ नाहीसं होतं, कारण नायकानं खवळलेल्या समुद्रात केशतेलाची बाटली ओतलेली असते. हेच बोस त्या काळात प्रयोगशाळेत बिनतारी लहरींचं काम करत होते. गोष्टीत त्यांनी बाटलीभर तेलात समुद्र गप्प केला. प्रयोगवहीत थेंबाचीही सूट घेतली नाही. आणि गंमत म्हणजे तेलाची थाप सगळीच थाप नव्हती. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की बारीक लाटा खरोखरच मंदावतात. परातीत पाणी घेऊन, फुंकर मारून, कुणालाही बघता येईल. वादळाच्या बाबतीत मात्र बाटलीचा आकार जरा मोठा लागेल. (माझ्या डोक्यावर हे तेल कधीच उपयोगी पडणार नाही. तिथं शांत करण्यासारख्या लाटाच उरलेल्या नाहीत.)

आपल्याकडचं उदाहरण याहून हृद्य आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव, नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक कुणी ऐकलेला नव्हता. आद्याक्षरं उलटीकडून वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात. तोवर जगभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञानं टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातानं लिहून घेतली. का? तर परीक्षकांनी नावाकडे न बघता कथेकडे बघावं म्हणून. आलेला निकाल खरा असावा यासाठी नाव खोटं. हेच नारळीकर शाळांमध्ये जात तेव्हा मुलं सहीसाठी गराडा घालत. त्यावर त्यांचं म्हणणं असे की पोस्टकार्डावर एखादा विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि खाली सही येईल. मुलं वही पुढे करत आणि लेखक त्यांच्याकडे प्रश्न मागे. २० मे २०२५ ला ते गेले. ती पोस्टकार्डं अजून कित्येक घरांतल्या कपाटांत असतील. त्यांतल्या सहीपेक्षा सहीच्या वरच्या चार ओळी मोलाच्या, हे आता मोठी झालेली ती मुलंच सांगू शकतील.

मधली सुट्टी संपली. मी वर्गात गेलो आणि गोष्ट कशी लिहायची हे सांगण्याऐवजी एक गोष्टच सांगितली. ती अशी.

कुमाऊँच्या डोंगरात मिलम नावाचं गाव. तिथं एक शाळामास्तर होते, नैनसिंह रावत. त्या काळी तिबेटात परक्यांना बंदी आणि इंग्रजांना तर नकाशा हवाच होता. तेव्हा सर्वेक्षण खात्यानं या मास्तरांना शिकवून तयार केलं आणि ते १८६५ मध्ये निघाले. वेष कधी व्यापाऱ्याचा, कधी यात्रेकरूचा. हातात जपमाळ, पण जपमाळेत मणी एकशे आठ नव्हते, शंभर होते. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. हातात तिबेटी प्रार्थनाचक्र. पण त्यात मंत्रांच्या ऐवजी टिपणांचे कागद. आणि काठी पोकळ, तिच्यात थर्मामीटर लपवलेलं. जानेवारी १८६६ मध्ये मास्तर ल्हासाला पोचले.

“मग?” पहिल्या बाकावरून आवाज आला.

मग मास्तरांनी ल्हासाला पाणी उकळत ठेवलं. त्यात थर्मामीटर घातलं. जितकं कमी दाखवील तितकं गाव उंच. पाणी उकळून त्यांनी ल्हासाची उंची काढली. मुलांनो, आता एक विचार करा. या मास्तरांचा वेष खोटा, माळ खोटी, चक्र खोटं, यात्रा खोटी. सगळा माणूस खोट्यात गुंडाळलेला. त्यांनी काठीतलं थर्मामीटर बाहेर काढलं आणि वहीत “पाणी शंभरला उकळलं” असं लिहिलं असतं तर?

वर्ग एक क्षण गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा, तोवर फक्त चपलेशी खेळत असलेला एक मुलगा म्हणाला, “मग ल्हासा मुंबईला आलं असतं!”

मला वाटतं, नीतिशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात ही गोष्ट इतक्या थोडक्यात नसेल. मास्तरांना सगळं खोटं माफ होतं, कारण ते एका खऱ्या आकड्यासाठी चाललं होतं. तेवढा आकडा खोटा झाला असता तर मागची हजारो पावलं नुसती वणवण ठरली असती. गोष्ट लिहिणाऱ्याचंही तसंच आहे. वेष बदलायची त्याला मोकळीक आहे. काठीतलं थर्मामीटर मात्र बदलायचं नाही.

विज्ञानाचे सर भिंतीला टेकून ऐकत होते. ते पुढे आले आणि म्हणाले, “पण मुलांनो, थर्मामीटरही खोटं बोलू शकतं. ते वितळणाऱ्या बर्फात घालून बघायचं. तिथं शून्य दाखवलं तर थोडा विश्वास ठेवायचा. आपल्याला दिसलं ते लगेच खरं ठरत नाही. ते नुसतं आपल्याला दिसलेलं असतं.” हे मला सुचलं नसतं. एकशे तीनवाल्या मुलाचं उत्तर त्यात होतं.

मग मी मला येतं ते एकमेव शास्त्र काढलं. वाणिज्य शाखेत अकरावीला ‘बँक जुळवणी पत्रक’ नावाचा एक रूक्ष प्रकार शिकवतात. तुमच्या रोकडवहीप्रमाणे बँकेत तुमचे दहा हजार आहेत, पासबुकात नऊ हजार आठशे. अशा वेळी अडाणी माणूस एक आकडा खोडतो. शिकलेला माणूस दोन्ही तसेच ठेवतो, फरक काढतो आणि फरकाखाली कारणं लिहितो : चेक अजून वटला नाही, बँकेनं आकार लावला, कुणी परस्पर पैसे भरले. कारणं सापडली की दोन्ही आकडे खरे ठरतात. मी फळ्यावर तीन रकाने आखले. पुस्तकातलं, माझं, फरक. शंभर, अठ्ठ्याण्णव, दोन. आणि म्हटलं, आता या दोनाचा हिशेब द्या. हिशेब प्रयोगाच्या वहीत द्या आणि त्याची गोष्ट निबंधाच्या वहीत लिहा.

फरकाच्या रकान्याची ख्याती जुनी आहे. १८३५ च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत ओलांडत होता. उंचावर मुक्काम पडला. बटाटे तासन्‌तास उकळले, भांडं रात्रभर विस्तवावर राहिलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच. बरोबरच्या दोघांनी आपापसात चर्चा करून निर्णय दिला की भांडं नवं आहे, मेल्याच्या मनात बटाटे शिजवायचं नाही. डार्विननं आपल्या प्रवासवर्णनात हवेच्या कमी दाबाचं कारण लिहिलंच, पण त्या दोघांचं बोलणंही लिहून ठेवलं. दोन्ही एकाच पानावर आहेत आणि कुणी कुणाला खोडत नाही.

मुलांनी काय लिहिलं? चपलेशी खेळणाऱ्यानं ‘दोन अंशांची आत्मकथा’ लिहिली. शंभर अंश मुंबईहून गाडीत बसून पुण्याला निघतात. घाट अर्धा चढल्यावर एकजण उतरतो, त्याला मळमळतं. दुसरा खंडाळ्याला धबधबा बघायला उतरतो आणि गाडी सुटते. पुण्याला अठ्ठ्याण्णवच पोचतात. अंशांना तिकीट लागत नाही हे सोडलं, तर सरांना त्यात विज्ञानाची चूक काढता आली नाही.

दोन वेण्यांच्या मुलीनं आपल्या आजीवर लिहिलं. आजी कोकणातली, समुद्रकाठच्या गावातली. आजोबा गेल्यावर मुलाकडे पुण्यात राहायला आली. कुकर तिला आवडत नाही, ती डाळ पातेल्यात शिजवते, आणि रोज म्हणते, “इथल्या पाण्यात दम नाही. आमच्याकडे एव्हाना डाळ शिजून गार झाली असती.” घरात सगळे हसतात. बाबा म्हणतात, आईला गावाची आठवण येते, दुसरं काही नाही. आई म्हणते, आता वय झालं. मुलीनं खाली हिशेब मांडला होता : शंभर वजा अठ्ठ्याण्णव, दोन. पुण्याची उंची इतकी इतकी. त्यामुळे पातेल्यात डाळीला जास्त वेळ. (सरांनी शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘बोअरचं जड पाणी असेल तर तेही एक कारण. तपासून बघणे.’) आणि शेवटचं वाक्य होतं, आज घरी जाऊन मी सगळ्यांना सांगणार आहे की आजीचं बरोबर आहे.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. ‘बरोबर’ हा शब्द तिनं आपणहून वापरला होता, आणि आता तो ‘खरं’च्या शेजारी मुकाट बसला होता. मघाशी तिनं वहीत शंभर लिहिलं असतं तर एक मार्क नक्की मिळाला असता. फक्त आजी खोटी पडली असती. आकडा दुरुस्त करताना आपण एवढंच म्हणतो की दोनच तर अंश आहेत, कुणाचं काय जातं! पण त्या दोन अंशांत कुणाची तरी आजी बसलेली असते.

सरांशी माझा शेवटी जो समझोता झाला तो असा. प्रयोगाच्या वहीत यापुढे तिसरा रकाना राहील. पेपरात मात्र शंभरच. “पेपर काढणारा मुंबईला राहतो असं समजायचं,” सर म्हणाले. तत्त्वनिष्ठ माणसाला हा समझोता आवडणार नाही. पण तत्त्वनिष्ठ माणसाच्या वर्गात बासष्ट मुलं नसतात. उत्तर शंभर लिहिणारं मूल आपण काय लिहितोय आणि का लिहितोय हे जाणून लिहीत असेल, तर ते खोटं बोलत नाही. पुस्तकातलं उत्तर पुस्तकाच्या नावावर जमा करतं. खोटं तेव्हा सुरू होतं, जेव्हा अठ्ठ्याण्णव पाहिल्याचं ते स्वतःच विसरतं.

आणि विसरायला फार दिवस लागत नाहीत. आपण मोठी माणसं दिवसभर शंभरच लिहीत असतो. “कसं काय?” “एकदम मजेत!” शंभर. “मुलगा काय म्हणतो?” “छान चाललंय त्याचं.” शंभर. लग्नाच्या जाहिरातीतला स्वभाव, निरोपसमारंभातलं भाषण, साहेबाच्या कवितेवरचा अभिप्राय, सगळं शंभर. डॉक्टरांनी “रोज फिरायला जाता ना?” विचारलं तरी आपण शंभरच सांगतो. निदान तिथं तरी खरं सांगावं. तिथल्या थर्मामीटरवर, फॅरनहाइटमध्ये का होईना, निरोगी माणूस अठ्ठ्याण्णवच्या आसपासच असतो. शंभर झाले की त्याला ताप म्हणतात.